रातकिड्यांचं पीठ

रत्नागिरी स्टँडवर पालीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. पाठीमागच्या बाकावर दोघी बोलत होत्या, एक तरुण आणि एक पिकल्या केसांची.

"डॉक्टर काय म्हणाले गो नम्रता, तुझ्या सासूचं?"

"रक्त वाढलंय म्हणाले. अंडी सुरू केलीत काय, विचारत होते."

"अंडी? माळ घातल्यापासून मासळीला शिवली नाय ती."

"म्हणून मी नाचणी सांगितली. खरं सांगू, काकी? भाकरीत पीठ घालते मी. रातकिड्यांचं."

"शी! कसलं?"

"बचत गटाच्या शिबिरात सरांनी शिकवलं ना! टबात पाळायचे, भाजायचे, दळायचे. पाणी कमी, जागा कमी आणि ताकद मटणाची."

"ते तू कोंबड्यांसाठी पाळलेस ना?"

"घरात तसंच सांगितलंय. काय करू? तिला उठवत नव्हतं. डाळ पचत नाय, दूध उलटतं. आता दोन महिन्यांत विहिरीपर्यंत चालायला लागली."

"आणि कळलं तर?"

"रोज तेच भय. थकले मी, काकी."

"मग सांगून टाक एकदाचं."

"गेले होते सांगायला, परवा. जेवायला बसली होती. म्हटलं, आई, त्या भाकरीचं जरा बोलायचंय."

"मग?"

"गळ्यातली माळ काढलीन, खुंटीला लावलीन आणि म्हणाली, 'वाढ आता.'"