साडेपाचचं निरीक्षण

लेक : बाबा, ओल्या तापमापकाच्या फुग्यावरची कापडी वात कधी बदललीत?

बाबा : आल्या आल्या हेच? पाणीबिणी पी आधी. सोमवारी बदलली. दर सोमवारी बदलतो, तेवीस वर्षं.

लेक : आणि त्याला पाणी कुठलं घालता?

बाबा : बॅटरीचं. नळाच्या पाण्याने वातीवर क्षार बसतो. तू सातवीत होतीस तेव्हा मीच शिकवलं होतं तुला. आता हवामान खात्यात बसून माझीच परीक्षा घ्यायला आलीस होय?

लेक : खात्यानेच पाठवलंय. तुमचं हे हवामान केंद्र ठेवायचं की बंद करायचं, ते येत्या सोमवारी मी सांगायचंय.

बाबा : बंद? अगं, एका दिवसाचा खाडा नाही माझा! अंगात ताप असतानाही छत्री घेऊन तापमापकांच्या या पेटीपाशी आलोय.

लेक : माहितीये. पण तुमचा संध्याकाळचा ओलावा फार जास्त येतो. आमचं संगणकावरचं मॉडेल म्हणतं हवेत पन्नास टक्के, तुम्ही लिहिता नव्वद.

बाबा : नव्वद असतो म्हणून नव्वद लिहितो. मनाचे आकडे लिहितो की काय!

लेक : चिडू नका, ऐका. मॉडेल आधी आपलं आपण हवेचा अंदाज बांधतं. मग केंद्रांवरची निरीक्षणं घेऊन तो दुरुस्त करतं. पण एखादं निरीक्षण फारच वेगळं निघालं, तर त्याला वाटतं निरीक्षकच चुकला. ते बाजूला टाकतं.

बाबा : माझं किती वेळा टाकलं?

लेक : संध्याकाळचं... जवळजवळ रोज. अकरा वर्षं.

बाबा : आणि मी गावभर सांगत फिरतोय, आमची पोरगी अंदाज काढते, त्यात माझे आकडे असतात! शोभा झाली की गं माझी. तुला ठाऊक होतं?

लेक : चार वर्षांपासून. सांगायचा धीर झाला नाही. आणि खरं सांगू? मला वाटायचं, तुमची नजर कमी झाली असेल.

बाबा : वा! छान. आता मला एक सांग. संध्याकाळी इथे वारा कुठून येतो?

लेक : तलावावरून.

बाबा : तलावाचं तुमच्या मॉडेलला माहितीये?

लेक : असणारच. थांबा, बघते... बाबा, नकाशात इथे माळरान आहे. कोरडं.

बाबा : धरण भरून हा तलाव झाला, त्याला अकरा वर्षं झाली बाई.

लेक : नकाशा त्याच्या आधीचा आहे. दर सुट्टीत मी त्या पाण्यात पाय सोडून बसते, आणि नकाशा उघडून बघायचं कधी डोक्यात आलं नाही. मूर्ख आहे मी.

बाबा : एक दिवस काढ. घाटात धुक्यात टपालगाडी दरीत गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळचा. माझा आकडा आत घालून परत चालव तुझं मॉडेल.

लेक : तासभर लागेल. पण तोच दिवस का?

बाबा : त्या संध्याकाळी ड्रायव्हर इथेच बसला होता. म्हणाला, पहाटे निघायचंय, धुकं असेल का? मी नुकताच ब्याण्णव लिहून पेटी लावली होती. वारा पडलेला. धुकं येणार हे मला दिसत होतं गं. पण तुमच्या अंदाजात होतं निरभ्र. म्हटलं, पोरीला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला सांगितलं, बिनधास्त जा.

लेक : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

बाबा : कुणाला बोलू? त्याचा पाय गेला. अजून येतो, कुबडी घेऊन. एका शब्दाने दोष देत नाही. तेच जास्त लागतं.

(तासाभराने.)

लेक : आलं, बाबा. दाट धुकं. पहाटे चार ते आठ. घाटाची वरची सगळी वळणं.

बाबा : एका आकड्याने?

लेक : एका आकड्याने. तलाव तर अजून नकाशात घातलाही नाही.

बाबा : म्हणजे माझ्या वहीत होतं.

लेक : होतं. आमच्यापर्यंत आलंही होतं. आम्हीच घेतलं नाही. केंद्र चालू राहायला हवं, असं मी लिहून देते. नकाशाही बदलायला लावते.

बाबा : लिही. पण आधी चल, साडेपाच झाले. आज तू वाच. माझी नजर कमी झालीये ना.

लेक : टोमणे पुरे. कोरडा एकोणीस पूर्णांक चार. ओला... अठरा पूर्णांक चार. एकाच अंशाचा फरक. म्हणजे ओलावा नव्वदच्या वर. मॉडेल आजही त्रेपन्न म्हणतंय.

बाबा : टपालगाडीच्या नव्या ड्रायव्हरला फोन लाव. म्हणावं, उद्या पहाटे निघू नकोस, ऊन वर आल्यावर नीघ.

लेक : खात्याचा निरोप म्हणून सांगू?

बाबा : खात्याचा अंदाज तर अजून निरभ्रच आहे. माझं नाव सांग. आणि मग तुझी गाडी काढ, जुन्या ड्रायव्हरकडे जाऊ. माझ्या वहीत काय होतं, ते तू सांग. मी नुसता बसेन.