दोन नावांची एक शिरोरेषा

...आणि वर मलाच म्हणते, "पडद्यावर तर छानच दिसतंय!" अहो, पडद्यावर काय, सगळंच छान दिसतं! मशीनला विचारा ना! तुम्हाला सांगतो, या कागद कापायच्या मशीनला डोळे नसतात, असतं फक्त पातं, फाईलमध्ये रेघ दिसली की ते कापणार, मग ती रेघ तुम्हाला हवी असो की नको! साधं फुलपाखरू घ्या. नेटवरून उतरवलेलं, फुकटातलं. एका पंखाच्या रेघेत बाराशे बिंदू, आणि पातं प्रत्येक बिंदूला अडखळणार! पंख आहे की चाळणी? शिवाय एकाखाली एक तीन-तीन रेघा लपलेल्या, पातं तिथल्या तिथे तीनदा फिरतं, कागदाचा पार भुगा! ते सगळं निवडत बसायचं, तांदळातले खडे निवडावेत तसं, हा माझा धंदा. तळमजल्यावर मी, आणि बरोबर माझ्या डोक्यावर तिचं, त्या 'छानच दिसतंय'वालीचं, दुकान. शुभेच्छापत्रं, खोके, पाट्या... आणि ते मशीन.

चार वर्षं, अहो चार वर्षं ही बाई जिना उतरून यायची, पेन ड्राइव्ह पुढे करायची, "ऐका ना, जरा बघता का? पडद्यावर तर छानच दिसतंय!" आता त्या 'ऐका ना'मध्ये मी काय काय ऐकलं, काय सांगू! ईमेल नावाची वस्तू जगात असताना एखादी बाई बावीस पायऱ्या उतरून येते, म्हणजे काहीतरी असेलच ना? नंतर कळलं, पिण्याच्या पाण्याचा नळ आमच्या मजल्यावर आहे.

परवा आली. म्हटलं, आज बोलायचंच. शर्ट इस्त्रीचा, घसा खाकरला, तोंड उघडलंसुद्धा... आणि ती म्हणते, "दादा!"

दादा! चार वर्षं 'ऐका ना', आणि आज एकदम दादा! "दादा, माझं लग्न ठरलं! त्या दिवशी दारावर लावायची पाटी आहे, सोनेरी पुठ्ठ्याची. माझं नाव आणि ह्यांचं नाव, दोन्ही एकाच शिरोरेषेखाली हवीत. पडद्यावर तर छानच दिसतंय, पण तुम्ही एकदा..."

छान? अक्षरन् अक्षराची रेघ सुटी! तशीच कापली असती तर अक्षरं भुरुभुरु गळून पडली असती. आणि दोन नावांच्या मध्ये तर रेघच नाही, नुसती मोकळी जागा! ती रेघ आता कुणी ओढायची? मी! मी, ज्याने चार वर्षं... जाऊ द्या.

खोटं कशाला बोलू? ओढली. पण केसाएवढी. म्हटलं, लागू दे वारा, होऊ देत दोन तुकडे! फाईल दिली, खुर्चीत येऊन बसलो, आणि वर मशीन सुरू झालं. घर्रर्र... डोक्यावरच! आता तिचं नाव कापत असेल... आता त्याचं येईल... आणि मला, चाळिशी उलटलेल्या बाप्याला, रडू आलं हो! म्हणजे ऐन लग्नात, चार लोकांसमोर तिचं तोंड एवढंसं होणार, आणि ते कुणी केलेलं? मी! उठलो तो धावलोच. बावीस पायऱ्या, धापा टाकत, "थांबवा! थांबवा ते!"

"अगंबाई, काय झालं? पडद्यावर तर..."

"छानच दिसतंय हो! पण मधली रेघ कच्ची राहिली. माझी चूक."

तिच्याच कॉम्प्युटरवर बसलो. शेजारी ती, इतक्या जवळ आयुष्यात पहिल्यांदा, आणि मी करतोय काय, तर तिला दुसऱ्याशी पक्कं जोडतोय! पुन्हा कापलं. अखंड एक तुकडा! तिने उचलून हलवला, झटकला, सुटला नाही. "दादा, तुमच्यासारखे तुम्हीच!" खरंय. दुसरा कोण असणार?

घरी आलो, तर आई दारातच. माझं तोंड बघून तिने ओळखलं. "काय रे, बोललास का शेवटी तिच्याशी?"

"बोललो ना."

"मग? काय म्हणालास?"

म्हटलं, "रेघ तीन मिलिमीटर तरी जाड हवी... म्हणजे जन्मात सुटत नाही."