ट्रॅक्टर काय रोज घेतो का आपण?

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. अडीच एकर लिंबाच्या बागेचं लोखंडी फाटक. फाटकाबाहेर रस्त्यावर निळा कोरा ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर शोरूमचा ड्रायव्हर, फाटकाच्या आत माझी ताई, आणि दोघांच्या मध्ये हातात टेप घेऊन भावोजी... आणि तुम्हाला सांगतो, तिघांचीही नजर त्या टेपवर. अकरा महिने लागले होते इथवर यायला! अकरा महिन्यांत माणसं घर बांधतात, लग्नं जमवतात, मोडतात, पुन्हा जमवतात, आणि ह्या गृहस्थांनी एक ट्रॅक्टर निवडला. तोही केवढा, तर मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर त्याचं शेंडेफळ वाटावा एवढा. पण विचारायची सोय नाही. विचारलं की चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, "ट्रॅक्टर काय रोज घेतो का आपण?"

नाही घेत. कबूल. कोणीच रोज घेत नाही.

आता भावोजी म्हणजे काय चीज आहे ते आधी ऐका. वजनमापे खात्यात निरीक्षक, चौतीस वर्षं. दुकानदाराचा तराजू केसभर झुकला तरी ह्यांना झोप लागायची नाही, म्हणजे दुकानदाराला लागू द्यायचे नाहीत. खिशाला लाल पेन. स्वतः मोजल्याशिवाय टिक करायची नाही, हा नियम. हाताखालच्या एका कारकुनाने न मोजता टिक केली, तर ह्यांनी त्याची बढती पाच वर्षं अडकवून ठेवली, आणि ती हकीकत हे अजून जेवताना सांगतात, चवीचवीने, दोन घास जास्त जातात. त्या पाच वर्षांत कारकुनाच्या घरी काय झालं ते सांगत नाहीत. मोजलं नसेल.

निवृत्त झाले आणि घरासमोरच, रस्त्यापलीकडे, ही बाग घेतली. बाग ह्यांची, काम ताईचं. सहा वर्षं लिंबाच्या ओळींमधलं तण ताईने काढलं, खाली बसून, वाकून, काट्यांनी हात सोलून घेत. आणि सातव्या वर्षी एका सकाळी ती वाकली ती सरळच होईना. तशीच वाकलेली रिक्षात घातली. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला, कमरेचे दोन मणके एकमेकांवर बसलेत म्हणाले, आणि मग शांतपणे सांगितलं, "वाकायचं नाही, उचलायचं नाही, ओढायचं नाही. पुन्हा दुखावलं तर पाय उचलणार नाही. हे आज सांगतोय, नंतर सांगितलं नाही म्हणू नका." ताईने मान डोलावली. भावोजींनी वही काढून लिहून घेतलं. माणूस कर्तव्याला चुकत नाही, दवाखान्याच्या जिन्यातच जाहीर केलं त्यांनी, की आता बाईमाणसाने राबायचं नाही, आता ट्रॅक्टर घ्यायचा, लहान, परवडेल असा. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मला वाटतं तेवढंच एक पाणी त्या प्रकरणात फुकट गेलं... नाही, बाकीचंही गेलं, सांगतो.

पहिल्याच दिवशी दोघं शोरूमला गेली. सेल्समन, गळ्यात टाय, काखेत घाम. तो लाल दाखवतोय, निळा दाखवतोय, हायड्रॉलिक वर-खाली करून दाखवतोय, आणि ताई आपली गेली कोपऱ्यात. तिथे एक राखाडी ट्रॅक्टर उभा होता, सगळ्यांत बारका, सगळ्यांत स्वस्त, अंगावर बोटभर धूळ. ताईने त्याच्या पुढ्यात उभं राहून ह्या चाकापासून त्या चाकापर्यंत वितीने मोजलं, ओठ हलवत, आणि वळून म्हणाली, "हा घ्या. हा येईल आत."

झालं! सेल्समन म्हणाला, मॅडम, बोलावलं की येईल. भावोजी तर हसता हसता निळ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डला टेकले. म्हणाले, "ट्रॅक्टर घ्यायचाय, पाहुणा नाही." आणि तुम्हाला सांगतो, ते वाक्य त्या घराचं मनोरंजन होऊन बसलं. मुलीला फोन करून सांगितलं, बागेला लागून शेजारी आहेत, निवृत्त कंपाउंडर, त्यांना भिंतीवरून सांगितलं. मांजर खिडकीतून डोकावलं तरी भावोजी म्हणायचे, हा येईल आत. ताई सुरुवात करायची, अहो, मी काय म्हणत होते... की लगेच चष्मा कपाळावर. ट्रॅक्टर काय रोज घेतो का आपण?

मग सुरू झाला अभ्यास. पाच ट्रॅक्टर, पाच रंग, प्रत्येकाची माहितीपत्रकं, त्याच वहीत मोठा तक्ता. हॉर्सपॉवर किती, डिझेल किती पितो, मागची अवजारं फिरवणारी दांडी किती वेगाने फिरते, किती जागेत वळतो. आता साधी गोष्ट आहे, अडीच एकराला जे काय लागतं ते त्या पाचपैकी कुठलाही करतो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी दगडाचं वजन वापरणारा भाजीवाला आहे. कंपनीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला मी काय गिऱ्हाईक आहे का, म्हणाले. ते गिऱ्हाईकच होते. पण असो.

आणि एका रविवारी ह्यांनी बांबू आणले.

हे ऐका, नीट ऐका, कारण मी हे सांगतो तेव्हा लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावतोय. घराच्या अंगणात बसून त्यांनी बांबूचे साचे बांधले. प्रत्येक ट्रॅक्टरचा एक. लांबी, रुंदी, उंची, सगळी अस्सल मापं, सुतळीने घट्ट. हेतू काय, तर हा साचा बागेतल्या ओळींमधून फिरवायचा, फांद्यांना कुठे लागतो, टोकाला वळतो का, ते बघायचं आणि मग ठरवायचं. कल्पना वाईट नाही. फक्त साचा फिरवायला आत कोणीतरी उभं राहायला हवं होतं, आणि भावोजींच्या हातात वही होती.

ताईच्या खांद्यांना जुन्या दप्तरांचे पट्टे लावले. साचा त्यावर लटकवला. रोज सकाळी अंगणातून साचा घालून रस्ता ओलांडायचा. फाटकाशी आलं की ताई साचा एका बाजूने वर उचलून कलता करायची, आत शिरायची, पुन्हा सरळ करायची. तोवर भावोजी पुढे निघून गेलेले, कारण वहीत सुरुवातीची वेळ टाकायची असे. मग सूचना. चल. हळू, पहिल्या गिअरमध्ये आहेस तू. आता डावीकडे वळ. नाही, तशी नाही, ट्रॅक्टर एका पायावर गिरकी घेतो का? पुन्हा. आता मागे ये. मागे बघू नकोस, ट्रॅक्टर मागे बघत नाही.

भिंतीवर कोपरं टेकून कंपाउंडर. चहाचा कप घेऊनच यायचे, तिकीट काढल्यासारखे वेळेवर. वळताना तुमचं मॉडेल डावीकडे झुकतंय, म्हणायचे. भावोजी गंभीरपणे टिपून घ्यायचे, डावीकडे झुकतं. अहो, मॉडेलचे मणके बसलेत! पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

लाल झाला, हिरवा झाला. दोन्ही फांद्यांना लागतात म्हणून बाद. तीन महिने. मध्ये मुलगी येऊन गेली, आईला बांबूत बघितलं, आणि म्हणाली, बाबांचं मन रमतंय ना, मग झालं तर. आईचं काय रमतंय ते विचारायचं राहिलं, तिला गाडी पकडायची होती.

बरं, इथेच थांबले असते तरी मी काही बोललो नसतो. पण निरीक्षक माणूस! नुसत्या मापाने भागत नाही, म्हणाले, भार कळला पाहिजे. मोकळा ट्रॅक्टर वेगळा वळतो, मागे अवजार लावलेला वेगळा. म्हणून पिवळ्या साच्याच्या मागे त्यांनी तण काढायचं कोळपं बांधलं. खरं, लोखंडी. ताई पट्टे खांद्यावर घेऊन उभी राहिली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने स्पष्ट आठवण करून दिली.

"डॉक्टर ओढू नका म्हणालेत."

भावोजींनी वहीतून मान वर केली. रागावले नाहीत, ते रागावत नाहीत कधी. म्हणाले, "तू कुठे ओढतेस? ओढतोय साचा. तू फक्त आत आहेस."

आणि ती चालायला लागली. तुम्हाला विचारतो, काय करायला हवं होतं तिने? साचा फेकायचा? मीही हेच विचारलं तिला. म्हणाली, अरे, एकदाचं ह्यांचं ठरलं की ट्रॅक्टर येईल ना. म्हणजे बघा, जो ट्रॅक्टर हिची कंबर वाचवायला यायचा होता, त्याला आणायला ही कंबरेनेच निघाली होती. सगळी बाग एकदा पिवळ्याने कोळपून झाली. मग तुलना अचूक व्हावी म्हणून दुसऱ्यांदा निळ्याने. राखाडीचा साचा बांधला होता, पण तो आत नेलाच नाही; खेळणं आहे ते, म्हणाले. चुलीत... म्हणजे बंबात गेला. भावोजींचं निरीक्षण असं, की यंदा तण फारच कमी आहे, तेव्हा तशी काही घाई नाही. कोणी कोणी तर त्यांना विचारलं, की बाग एवढी स्वच्छ आहे तर ट्रॅक्टर कशाला? ते खरोखर विचारात पडले. दोन आठवडे पडले!

शेवटी निळा ठरला. अकराव्या महिन्यात. सेल्समनने हात जोडले, भावोजींना की देवाला कळलं नाही, तोवर त्याचा टायही जुना झाला होता. आणि त्या दिवशी सकाळी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, शोरूमचा ड्रायव्हर निळा ट्रॅक्टर घेऊन फाटकाशी आला, थांबला, खाली वाकून एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, आणि विचारलं,

"काका, दुसरं फाटक कुठंय?"

दुसरं फाटक नाही. तीन बाजूंनी दगडी भिंत, चौथ्या बाजूला हे. ढकलगाडीपुरतं केलेलं. भावोजींनी टेप काढली. फाटक, साडेतीन फूट. ट्रॅक्टर, तीन फूट अकरा इंच. पुन्हा मोजलं. मग टेपच तपासली, दुसरी टेप मागवून. ट्रॅक्टर काही कमी होईना. चौतीस वर्षं जगाची मापं काढली, फांदी न् फांदी मोजली, बायको वळते किती जागेत ते इंचात लिहिलं, आणि ज्यातून आत जायचं ते...

ताई फाटकाच्या आत उभी होती. तिने फक्त दोन्ही हातांनी हवेत एक बाजू वर उचलल्यासारखं केलं, कलतं केलं, आणि सरळ केलं. रोजचं होतं ना तिचं. ड्रायव्हरला काही कळलं नाही. भावोजींना कळलं.

खांब तोडावा तर उजव्या खांबावर विजेचा मीटर. वीज कार्यालय म्हणतं अर्ज द्या, यंदाची यादी भरली. डावा खांब कंपाउंडरांच्या भिंतीत. ते म्हणाले, भिंत बायकोच्या नावावर आहे, तिला विचारून सांगतो. बायको सात वर्षांपूर्वी माहेरी गेलीय ती अजून आलेली नाही. शोरूमला विचारलं, बदलून राखाडी द्या. राखाडी आदल्या आठवड्यात गेला.

तेव्हा ताई घरात गेली, वही घेऊन आली, आणि पहिलं पान उघडून भावोजींच्या समोर धरलं. शोरूमला गेले त्या पहिल्या दिवशीची तारीख. पहिलीच ओळ, ताईच्या अक्षरात, कारण तोंडाने सांगू देत नव्हते तर तिने लिहून ठेवलं होतं: फाटक साडेतीन फूट, राखाडी तीन फूट तीन इंच. आणि त्या ओळीपुढे, लाल पेनाने, एक टिक.

भावोजींनी पान उजेडाला धरलं. चष्मा कपाळावरून खाली आला. म्हणाले, "ही टिक माझी नाही."

बरं. नसेल. त्या घरात माणसं दोन आणि लाल पेन एक, आणि ते झोपतानाही ह्यांच्या सदऱ्याच्या खिशाला. मी विचारलं, मग कोणाची? मुलीला विचारतो म्हणाले.

ह्याला आता दोन महिने झाले. निळा ट्रॅक्टर रस्त्याकडेला ताडपत्रीखाली आहे. भावोजी फाटक निवडतायत. सरकतं, दुमडतं, वर जाणारं, सहा माहितीपत्रकं आली आहेत, अंगणात बांबूही येऊन पडलेत. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, फाटक काय रोज घेतो का आपण?

तण गुडघ्याएवढं झालंय. ते ताईच काढते, खाली बसून. तिच्या डाव्या पायातली चप्पल पुढून झिजून पार गेलीय, पाय उचलत नाही, फरफटतो. मी त्याच वहीचं आधीचं पान उलटून बघितलं, दवाखान्याच्या दिवसाचं, मुखपृष्ठाच्या आतलं. वाकायचं नाही. उचलायचं नाही. ओढायचं नाही. अक्षर भावोजींचं. तिन्ही ओळींपुढे लाल टिक.

त्या तिन्ही कोणाच्या, हे तर त्यांना अजून कोणी विचारलेलंच नाही.