घसा बसला आणि स्थानक उठलं

...नको, नको, पाणी नको. आणि कोमट तर नकोच नको, कोमट या शब्दानंच मला आता कसंतरी होतं. तुम्हाला सांगतो, माणसाचा पाय मोडला तर लोक लांबून विचारतात, ताप आला तर फोनवर भागवतात, पण एकदा घसा बसला की अख्खं गाव औषध सांगायला उभं राहतं. का नाही राहणार? पेशंट उलट बोलूच शकत नाही ना! आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य ठरलेलं... 'करून बघा, अपाय तर काही नाही.'

आता दुसऱ्या कुणाचा घसा बसला तर बसू दे. पण मी बसस्थानकावर गाड्या पुकारतो हो! 'प्रवाशांनी लक्ष द्यावे, फलाट क्रमांक चारवरची गाडी...' तो मी. खुर्ची जेमतेम मावेल एवढी खोली, पुढ्यात माइक, माइकशेजारी दाबलं की चालू होणारं लाल बटण, आणि समोर धुरानं काळवंडलेली काच. अकरा वर्षं मला कुणी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय. अकरा वर्षं, आणि तीही हंगामी. तशात वरून पत्र आलं... स्थानकावर यंत्र बसणार, यंत्रात एकाचा आवाज भरणार, ज्याचा आवाज भरतील तो कायम, उरलेल्याला घरचा रस्ता. गुरुवारी अकरा वाजता मोठे साहेब स्वतः येऊन ऐकणार. उमेदवार दोन. एक मी, आणि दुसरा माझ्या सुट्टीच्या दिवशी पुकारणारा, ज्याला सगळं स्थानक गोड्या म्हणतं. आवाज असा की साखर विरघळावी.

आणि सोमवारी सकाळी उठतो, बायकोला म्हणतो, 'चहा'... तर बाहेर काय आलं? 'ह्हा.'

"आता हसायला काय झालं?" बायको म्हणाली.

"ह्हा!"

"अहो, सकाळी सकाळी काय मेलं..."

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, त्यांचा चेहरा असा उजळला की लग्नातसुद्धा एवढा उजळला नव्हता. "घसा बसला जावईबापूंचा! मीठ घालून कोमट पाण्याच्या गुळण्या. दर तासाला. करून बघा, अपाय तर काही नाही."

केल्या. सोमवारी चौदा वेळा केल्या. मग बायकोनं आल्याचा रस आणि मध चाटवला, त्यावर वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी लवंग चघळायला दिली, ती चघळून जीभ इतकी बधिर झाली की घशाचं दुःख विसरलो, हा फायदा मान्य करतो. मग वाफ. डोक्यावरून टॉवेल, खाली पातेलं, आणि सासूबाई टॉवेलच्या बाहेरून, "आणखी खाली वाका, आणखी खाली वाका..." वाकलो तर नाकच पाण्यात. मग वहिनी परत आल्या. त्यांच्या कुठल्याशा मावशीनं सांगितलं होतं, कांदा भाजून पायमोज्यात भरायचा आणि मोजा गळ्याला बांधायचा. मोजा कुणाचा? माझाच. धुतलेला? ते विचारायला आवाज पाहिजे ना! "अपाय तर काही नाही," वहिनी म्हणाल्या, आणि नाकाला पदर लावून निघून गेल्या.

आणि मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. मग मी पाटीवर लिहायचो, 'गोळी आणा', आणि बायको वाचायची, 'गुळण्या'. तुम्हीच सांगा, भांडणार कसं, लिहून? मंगळवारी मी चार ओळी खरडून पाटी तिच्यापुढे धरली, तर तिनं शांतपणे पुसली आणि त्यावर सामानाची यादी लिहिली. रात्री मायलेकी बोलत होत्या, "घर किती शांत वाटतं ना गं?"

तिकडे स्थानकावर माझ्या खुर्चीत गोड्या. मी कोपऱ्यात बसून ऐकतोय... 'प्रवासीहोऽऽ... आपली गाडीऽऽ...' बाकावरचं पोर झोपतंय, पोराला थोपटणारी आई झोपतेय, आणि गाडी निघून जातेय. पण आवाज स्वच्छ होता हो. आमचे कंट्रोलर म्हणाले, "बर्फ चोख."

मी पाटीवर लिहिलं, 'काल गरम पाणी म्हणालात.'

"दोन्ही कर. अपाय तर काही नाही."

गोड्या खोलीबाहेर येऊन म्हणाला, "दादा, मी ज्येष्ठमध आणलंय तुमच्यासाठी." मी काडी हातात घेतली आणि वास घेतला, उलटून पाहिली, खिशात टाकली. शत्रूच्या हातचं ज्येष्ठमध! रात्रभर उशाला ठेवून तिच्याकडे बघत होतो. पहाटे चघळली. साधी काडी होती. त्याच्या मनात काही नव्हतं, माझ्याच मनात होतं, आणि त्याची लाज वाटली. तेही सांगतो.

गुरुवार. आवाज थोडा परतला होता, पण कसा? करवतीनं पत्रा कापावा तसा. साडेदहाला खोलीत गेलो, गोड्या चहाला गेलेला, म्हटलं शेवटची एक गुळणी करून घ्यावी. थर्मास उघडला, झाकणात पाणी ओतलं, थर्मास ठेवायला जागा बघितली. त्या खोलीत जागा कुठे? ठेवला पुढ्यात. पुढ्यात म्हणजे कुठे?

लाल बटणावर.

आता मला काय माहीत! मान मागे, डोळे मिटलेले... घळ्ळघळ्ळघळ्ळ... खर्रर्र... थू. दुसरी गुळणी. तिसरी. आणि मग, खोलीत एकटाच आहे म्हणून, अकरा वर्षांत कुणापुढे बोललो नाही ते त्या फाटक्या आवाजात बोललो. "देवा, अकरा वर्षं दुसऱ्यांना गाडीत बसवलं. आता मला उतरवू नकोस. मला दुसरं काही येत नाही रे."

डोळे उघडले. काचेपलीकडे अख्खं स्थानक उभं. पिशव्या हातात, तोंडं वर. कुणी पळत सातव्या फलाटावर गेलं होतं, कारण माझी दुसरी गुळणी त्यांना 'सात' अशी ऐकू आली होती. झोपलेलं पोर रडत होतं. आणि फाटकात मोठे साहेब.

मी संपलो. बाहेर आलो, थर्मास हातात तसाच. साहेब म्हणाले, "मघाशी आवाज कुणाचा?"

मी नुसता हात वर केला.

"बावीस स्थानकं फिरलो. लोक ऐकतच नाहीत. इथं पहिल्यांदा बघतोय, झोपलेली माणसं उठून उभी राहिली! गोड आवाजानं डोळा लागतो. या आवाजानं माणूस दचकतो, दचकला की उठतो, उठला की त्याची गाडी चुकत नाही. हाच भरा."

मी म्हटलं, "साहेब, चार दिवस द्या, घसा बरा होईल, मग..."

"बरा व्हायच्या आत भरा!"

दुपारी भरला. चाळीस गाड्या, नऊ फलाट, सगळे खर्रर्र. मी कायम झालो. गोड्याला दुसऱ्या स्थानकावर घेतलं, तेही एक बरं झालं. शनिवारी घसा खणखणीत! पण पुकारायला यंत्र आहे, म्हणून मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. आता डोक्यावर दिवसभर माझाच बसलेला घसा.

काल एक आजी आल्या खिडकीशी. गाडीची वेळ सांगितली तर म्हणाल्या, "काय छान आवाज आहे हो तुमचा! मग पुकारायला त्या आजारी माणसाला कशाला बसवलंय? बिचारा मरेल की." आणि पिशवीतून चिमूटभर मिठाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. "त्याला द्या. कोमट पाण्यातून गुळण्या करायला सांगा."

घेतली पुडी. म्हटलं, "देतो, आजी. अपाय तर काही नाही."