बिडीपुरतं बसणं

मंडळी, ऐका! गजर झाला, गळे मोकळे झाले. आता एक काम करा. दोन्ही हात वर! टाळी नाही वाजवायची हो, नुसते वर! डोक्याच्या वर — द्राक्षाच्या मांडवाला हात लावताय असं समजा. हं, ठेवा तसेच. आजी, तुम्ही नका, तुमचा खांदा धरलाय ठाऊक आहे मला. बाकीचे ठेवा!

आता प्रश्न. एकच मळा. त्यात अठरा-वीस वर्षांची पोरं. काही तुमच्या घरची, काही पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून विरळणीला आलेली आदिवासी पोरं. हवा तीच, पाणी तेच! मग तुमच्यातला एखादाच बिडी ओढतो, अन् त्यांच्यातले झाडून सगळे — असं का? बिडी त्यांच्या तोंडात, हे दिसतंय. पण दोष कुणाचा? सांगा!

काय म्हणालात? 'त्यांच्यात चालतंच, महाराज'? वा! उत्तर तयारच! अहो, गेल्या वर्षीच्या सप्ताहात, ह्याच मांडवात, ह्याच काल्याच्या कीर्तनात मी हेच उत्तर दिलं होतं. मोठ्यानं! माईकवरून!

अरे, अन् हात कुठं गेले? दोन मिनिटं नाही झाली! बरं, घ्या खाली. पुढं लागतील.

तर गेल्या वर्षी माझा मुक्काम कुणाकडं? हे बसलेत पुढं — निवृत्तीनाना ढोकरे. लपू नका नाना, तुमचं नाव येणारच आहे! यांच्या मळ्यावर बारा पोरं आली होती विरळणीला. बाराच्या बारा बिडी ओढणारी. नानांच्या भावकीतही त्याच वयाची बारा पोरं. त्यांत ओढणारा एक, तोही गोठ्यामागं लपून! तो कोण ते सांगत नाही, त्याचं लग्न जमायचंय.

मी काय केलं? मजुरांची पोरं पुढं बोलावली. सगळ्या गावादेखत म्हटलं, "लाज वाटत नाही? देवानं दिलेली छाती धुरानं भरता? आहे कुणाची हिंमत सोडायची?" टाळ्या पडल्या! मला टाळ्या आवडतात हो, खोटं कशाला बोलू.

एकच पोरगा उठला. नवसू. कोकणा समाजाचा, आडनाव भोये. लेकरू जगत नव्हतं, नवसानं झाला, म्हणून नवसू. काळासावळा, काटक. म्हणाला, "मी सोडतो." मी गळ्यात तुळशीची माळ घातली. फोटो काढला. मला वाटलं, झालं! तरला पोरगा!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेलो. कशाला? आपला विजय बघायला! दुसरं काय!

आता विरळणी तुम्हाला मी काय शिकवणार? घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढायचे. मांडव डोक्यावर, घड डोक्यावर, हात दिवसभर वर. नवसूचे हात थरथरत होते. ओठ सुकलेले. अन् माझ्यादेखत कात्री चुकली — सबंध घड खाली!

नाना धावले, "अरे, घड पाडला! शुद्धीत आहेस का?"

मी म्हटलं, "नवसू, अरे बस की जरा!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. माळेला हात लावला. म्हणाला, "बसू कसा, महाराज? बिडी तर सोडली."

मला कळेना! बिडीचा अन् बसण्याचा काय संबंध? शेजारचा एक पोरगा हसला. म्हणाला, "महाराज, इथं बिडी पेटवली की बसता येतं. ती विझेपर्यंत मुकादम बोलत नाही. बाया मिश्री लावायला बसतात. नुसतं बसलं तर कामचोर."

मी हसलो. म्हटलं, काहीतरीच! कामाचा कंटाळा, दुसरं काय! आण ती कात्री इकडं! अन् उपरणं कमरेला बांधून हा तुमचा महाराज उभा राहिला मांडवाखाली!

पहिली पाच मिनिटं — अभंग म्हणत. दहा मिनिटांनी अभंग थांबला. पंधरा मिनिटांनी मानेत कळ. वीस मिनिटांनी, मंडळी, मला देव आठवेना! मला फक्त माझे खांदे आठवत होते. बसलो मटकन बांधावर.

मागून मुकादमाचा आवाज, "बिडी आहे का हातात?"

सगळा मळा वळून बघायला लागला! मुकादमानं जीभ चावली. "चुकलं, महाराज. सवयीनं बोललो." पोरं पोट धरून हसली. मीही हसलो. पण आतून? आतून कुणीतरी कान उपटला होता माझा. वीस वर्षं कीर्तन करतोय मी, 'बिडी सोडा' शंभरदा म्हटलं असेल. 'दमलास का रे?' असं एकदाही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात नवसू पुढं आला. माळ उतरवली, कपाळाला लावली अन् माझ्यापुढं धरली. "ही परत घ्या, महाराज. दोन दिवस काढले. आज नाही निभत. माळ घालून ओढणार नाही मी. देवाला फसवायचं नाही."

अहो, माळ घालून काय काय करणारे लोक मला ठाऊक आहेत! अन् हा पोरगा दोन्ही हातांनी माळ परत करतोय!

मी विचारलं, "मग सोडायला उठलास तरी कशाला? मी रागावलो म्हणून?"

"नाही. पावरीसाठी."

पावरी ठाऊक आहे? वाळल्या भोपळ्याचं, पुढं शिंग लावलेलं तोंडानं वाजवायचं वाद्य. छाती भरून दम लागतो. त्यांच्या डोंगऱ्यादेवापुढं वाजते. नवसूचा आजा वाजवायचा, बाप वाजवायचा. बाप म्हातारा झाला, त्यानं तेव्हा महिनाभर आधीच देवापुढं पावरी नवसूच्या हातात दिली होती. नवसूनं फुंकली — अन् अर्ध्यात खोकला! नाचणारे पाय थांबले. बापानं पावरी परत घेतली, पुसली अन् आढ्याला टांगली.

नवसू म्हणाला, "मी नाही वाजवली तर आमच्या घरातली पावरी बंद पडंल, महाराज."

बघा! मी त्याला छातीवरून लाजवत होतो. अन् त्या छातीची किंमत त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होती.

मी नानांकडं गेलो. म्हटलं, पोरांना अधूनमधून नुसतं बसू द्या. नाना म्हणाले, "महाराज, उगाच बसायला लागले तर बाग कोण आवरणार? बसायला काही कारण नको?"

अन् मंडळी, देव कधी कुठून बोलेल सांगता येत नाही. त्या दिवशी तो चहाची किटली घेऊन बोलला! अनुसयाताई, नानांच्या मंडळी, मला चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ऐकलं. खुर्चीकडं बोट केलं. खुर्चीवर कोण? त्यांचाच लेक, प्रतीक. नवसूच्या वयाचा. मोबाईल बघत.

"अहो, हा सकाळपासून तिसऱ्यांदा बसलाय. ह्याला विचारलं का, बिडी आहे का म्हणून?"

नाना लेकाकडं बघायला लागले!

"ह्याला बसायला कारण लागत नाही, म्हणून हा ओढत नाही. आपण त्या पोरांना धूर काढायला लावतो अन् वर नावं ठेवतो." बाईंनी किटलीचं झाकण काढलं अन् किटलीवरच वाजवलं — ठण ठण ठण! "या रे सगळे! बसा! ओढणारे बसा, न ओढणारे बसा. मुकादम, तुम्हीपण बसा!"

त्या दिवसापासून नानांच्या मळ्यात सकाळी दोनदा, दुपारी दोनदा झाकण वाजतं. काम अडलं का, नाना? बघा, मान हलवतायत. हात स्थिर राहिले, घड पडायचे थांबले.

सगळ्यांची बिडी सुटली का? नाही. खोटं सांगणार नाही. बारातल्या पाच जणांची सुटली. बाकीच्यांची कमी झाली. नवसू दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्यानं स्वतः फोन केला, "महाराज, ओढली." मी म्हटलं, "उद्या पुन्हा सोड." दुसरं मी काय सांगणार? रागवायचा माझा हक्क त्या बांधावरच संपला होता.

आत्ता मार्गशीर्षात त्याच्या बापानं आढ्याची पावरी काढली. नवसूनं डोंगऱ्यादेवापुढं वाजवली. अखेरपर्यंत! बाप नाचला म्हणे, गुडघे धरून!

मंडळी, लोक मला गुरू म्हणतात. पण माझा गुरू तो बसलाय, पखवाजाशेजारी, पांढऱ्या शर्टात. नवसू, ऊठ बाळा. तुझे उपकार आहेत माझ्यावर. तू माळ परत केलीस म्हणून माझे डोळे उघडले. अनुसयाताई, तुमचेही उपकार. नाना, तुमचे थोडे कमी, पण आहेत! अन् बिडी विचारणाऱ्या त्या मुकादमाचेही आहेत, तो बोलला नसता तर मी अजून टाळ्याच मोजत बसलो असतो.

आता शेवटचं. हात वर करा. दोन्ही! तुम्हीही करा, बागाईतदार मंडळी, आधी तुम्ही! नवसू पावरी फुंकेल. त्याचा दम पुरेल तोवर हात वर ठेवून बघा. तुमच्या बागेत उद्या कुणीतरी दिवसभर असेच हात वर धरून उभं राहणार आहे. त्याचं नाव विचारा. त्याला बसा म्हणा.

वाजव, नवसू.

अन् मंडळी, खांदे भरून आले तर खुशाल खाली घ्या हात. बिडी आहे का, असं इथं तुम्हाला कुणी विचारणार नाही.