निळ्या आकाशातली राख

आई: हळू बोल रे, आत झोपलीय ती. आणि माझ्यापुढे तिची बाजू घेऊ नकोस.

धाकटा: बाजू कुठे घेतोय? वहिनी जेवली का, एवढंच विचारलं.

आई: जेवली असती तर मला नको होतं का? ज्वालामुखी फुटला तेव्हा घराबाहेर पडली, ती आज सकाळी उगवली. पायात एक चप्पल तिची, एक कुणाची तरी. हातपाय धुतले आणि पलंगावर पडली ती पडलीच. मी ताट वाढून उभी आपली.

धाकटा: दादा आल्याचं कळलंच नसेल मग तिला.

आई: कुठून कळणार? तुम्ही दोघं आत्ता येताय. तो तर उंबऱ्यात पिशवी टाकून थेट छतावर चढला, राख उतरवायला. आईला नीट तोंडसुद्धा दाखवलं नाही.

धाकटा: छतावर राख साठू द्यायची नाही, असं वहिनीनंच त्याच्या डोक्यात भरवलंय. कोरडी आहे तोवर ठीक, ओली झाली की दुपटीनं जड. घर बसतं खाली.

आई: घराचं कळतं तिला, घरातल्यांचं कळत नाही. नवरा बसलाय त्या विमानात, दीर चालवतोय ते विमान, आणि राखेवर लक्ष ठेवायच्या नोकरीतली ही बाई खालून सांगते, उतरू देऊ नका म्हणून! शेजारच्या मास्तरीणबाईंनी मला फाटकात गाठून सांगितलं. आकाश कसं निळंशार होतं त्या वेळी. मी स्वतः बघितलं.

धाकटा: मीही बघितलं. तुझ्यापेक्षा जवळून.

आई: मग?

धाकटा: मग मीही चिडलोच की. धावपट्टी समोर दिसतेय, ढगाचा ठिपका नाही, आणि खालून निरोप येतो, विमानतळ बंद, किनाऱ्यावरच्या शहराकडे वळा. मी म्हटलं, अहो, मला दिसतंय सगळं. तर उत्तर आलं, बाई म्हणतात, दिसणार नाही.

आई: बघ! काय बोलणं झालं हे?

धाकटा: अगदी बरोबर बोलणं झालं ते. बारीक राख पसरली की डोळ्याला दिसत नाही. रडारवरही नाही, रडार पावसाचे थेंब पकडतं. आणि इंजिनात गेली तर ती राख आतल्या आगीत वितळते, पात्यांवर काचेसारखी चिकटते. इंजिनाचा श्वास कोंडतो.

आई: शुभ बोल.

धाकटा: आता काय, बसलोय ना तुझ्यासमोर. पण खरी गोची इंधनाची होती. किनाऱ्यापर्यंत पुरेल एवढं होतं, पण इथे एकदा खाली येऊन बघू आणि नाही जमलं तर जाऊ, इतकं नव्हतं. एकच काय ते ठरवायचं. आणि विमानात शेवटचा शब्द माझा. खालचे सांगतात, हुकूम नाही देत.

आई: दादाला सांगितलंस हे?

धाकटा: तो मागे खिडकीशी घोरत होता. त्याला उठवून काय सांगू, तुझी बायको घरी येऊ देत नाही म्हणून?

आई: हसू नकोस मेल्या. पुढे काय झालं?

धाकटा: मी हो-नाही करतोय तेवढ्यात दुसरा निरोप आला. बाईंनी सांगितलंय, डोळ्यावर जाऊ नका, नाकावर जा. काडेपेटीची काडी विझवल्यासारखा वास आला की पुढे जायचं नाही, वर चढायचं नाही. इंजिनाचा जोर कमी करायचा आणि आल्या वाटेनं मागे फिरायचं.

आई: आणि आला?

धाकटा: आला. आधी मला वाटलं मनाचे खेळ. मग शेजारची सहवैमानिक म्हणाली, कप्तान, काहीतरी जळतंय का? आई, समोर निळं आकाश, लांबवर आपलं गाव, ओळखीची तळी, पाण्याची टाकी… आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा हळूहळू वर सरकतोय. मी जोर काढला आणि फिरवलं. थेट किनाऱ्याकडे.

आई: मला कुणीच काही सांगितलं नाही हे.

धाकटा: तिकडे उतरल्यावर मिस्त्रींनी इंजिनात नळीची दुर्बीण घातली आणि मला बोलावलं. पात्यांवर साय धरावी तशी काच धरायला लागली होती. समोरच्या काचेवरून हात फिरवला तर खरखरीत, पाट्यासारखी. मिस्त्री म्हणाले, उतरायच्या नादात अजून खाली गेला असतात तर ही नुसती साय राहिली नसती, इंजिनच बंद पडलं असतं. दादानंही बघितलं. रात्रभर बसमध्ये खिडकीला टेकून जागा होता, घोरणारा माणूस.

आई: थांब. पाणी पिऊ दे मला.

धाकटा: पी. आणि अजून एक ऐक, मग वाटेल ते बोल वहिनीला. नियंत्रण कक्षात माझा मित्र असतो ना, उंच, चष्मेवाला, आपल्याकडे येऊन लोणचं संपवणारा? तो तिच्या शेजारीच होता. विमानतळाचे साहेब तिच्यावर ओरडत होते. म्हणे, बाई, तुमचा एक अंदाज, आणि त्यापायी माझं अख्खं विमानतळ ठप्प. बाहेर माणसं दारं ठोकतायत.

आई: मग? उलट बोलली असेल. जीभ आहे तिला.

धाकटा: नाही. ती म्हणाली, साहेब, या विमानात माझा नवरा आहे. तो लवकर खाली यावा असं मला वाटतंय, त्यामुळे माझ्या हिशेबावर माझाच विश्वास नाही. मग तिनं तिच्या हाताखालच्या मुलीला बोलावलं. वाऱ्याची माहिती दिली, डोंगराची दिली, विमान कुठलं ते सांगितलंच नाही. म्हणाली, पहिल्यापासून मांड, माझ्याकडे बघू नकोस. आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

आई: भिंतीकडे?

धाकटा: चेहऱ्यावरून त्या मुलीला काही कळू नये म्हणून. मुलीनंही तेच सांगितलं, येऊ देऊ नका. तेव्हा कुठे निरोप सुटला. मित्र म्हणतो, इतकी वर्षं या खोलीत काढली, पण असा माणूस पाहिला नाही.

आई: …फोन तरी करायचा होता मला.

धाकटा: कधी करणार होती? आम्ही वळलो तोवर वीजवाले तिच्या डोक्यावर बसले होते.

आई: त्या विजेचं तर नावच काढू नकोस! डोंगर फुटला नि दुसऱ्या दिवशी हिच्या सांगण्यावरून अख्ख्या वस्तीची वीज बंद. आधी आपली, मग पलीकडची. लोक मला येता-जाता विचारत होते, सूनबाईंना सांगा की! मी पडदे ओढून घरात बसले. तोंड दाखवायची सोय नव्हती.

धाकटा: आणि काल संध्याकाळी भुरभुर पाऊस आला तेव्हा?

आई: तेव्हा काय?

धाकटा: तेव्हा वीज गेली का आपली?

आई: नाही गेली. …नाहीच की गेली. घाटाखालच्या गावात मात्र सगळा अंधार, माझ्या बहिणीचा फोन आला होता. फाडफाड आवाज झाले म्हणे खांबांवर.

धाकटा: कारण ओल्या राखेतून वीज धावते. तारा ज्या चिनीमातीच्या वाट्यांवर टेकतात त्यांच्यावर राख बसली आणि वर पाऊस पडला की ठिणग्या, स्फोट, सगळं संपलं. वहिनीनं पाऊस यायच्या आत एकेका भागाची वीज बंद करवून त्या वाट्या धुऊन घेतल्या. इस्पितळाच्या सगळ्यात आधी. पाण्याची टाकी झाकून घेतली. हे तिला आयत्या वेळी सुचलेलं नाही, आई. डोंगर झोपला होता तेव्हापासून ती गावभर हेच बघत फिरत होती. कुठलं छत कच्चं, कुठली तार उघडी, कुठलं यंत्र धूळ खाऊन बंद पडेल.

आई: हो. आणि मी सगळ्यांना सांगायची, आमच्या सुनेला दुसऱ्यांच्या छतांवर चढायचा छंद आहे.

धाकटा: मीही हसायचो. राखवाली वहिनी म्हणायचो.

आई: आज सकाळी इस्पितळातून आमच्या मास्तरीणबाईंचे यजमान आले. मशीनवर होते ते रात्रभर. मशीन चालू होतं म्हणून आले. आणि ती बाई मला फाटकात गाठून…

धाकटा: जाऊ दे.

आई: जाऊ कशी देऊ? ऐकून घेतलं ना मी. वर मान पण डोलावली.

(आतल्या खोलीचं दार उघडतं.)

सून: भावोजी? आवाज तुमचाच ना? वास कुठे आला तुम्हाला? तळ्यांच्या अलीकडे की पलीकडे?

धाकटा: वहिनी, आधी बस तरी.

सून: अलीकडे की पलीकडे?

धाकटा: गावाकडून बघितलं तर पलीकडेच. तळी दिसत होती, ओलांडली नव्हती.

सून: म्हणजे ढग माझ्या अंदाजापेक्षा बराच पुढे होता. इंजिनात काच धरली?

धाकटा: थोडी. नुकती कुठे लागली होती.

सून: मग माझा निरोप उशिरा आला. हिशेब दुसऱ्यांदा मांडण्यात वेळ गेला. तेवढ्या वेळात तुम्ही…

धाकटा: वहिनी, फिरलो ना आम्ही? वासाचं तू सांगितलं होतंस म्हणून फिरलो.

सून: पुढच्या वेळी आधी वळवायचं आणि मग तपासायचं. हाताखालच्या मुलींना सांगायला हवं. आई, माझा फोन कुठे ठेवलात?

आई: फोन राहू दे. बस इथे.

सून: विमानतळावर विचारायचंय, धावपट्टी झाडताना…

आई: बस म्हटलं ना. केस बघ काय झालेत. राखेनं पांढरी झालीयस, माझ्यापेक्षा म्हातारी दिसतेस.

सून: आई, तुम्हाला लोक काही बोलले असतील माझ्यावरून. मला कळलं होतं, पण तेव्हा…

आई: बोलले. आता मी बोलणार आहे त्यांना. तो माझा प्रश्न आहे, तू त्यात पडू नकोस. भूक लागलीय?

सून: माहीत नाही. …वर काय वाजतंय? छतावर कुणी चढलंय का? मधोमध उभं राहायचं नाही म्हणावं, कडेनं यायचं. कुणाला चढवलंत?

धाकटा: मी नाही चढवलं. सांगितलं तर ऐकतो का तो?

सून: तो म्हणजे? …हे आले? मला वाटलं, तुम्ही एकटेच आलात. विमानाचं काही विचारायला.

धाकटा: एकाच बसनं आलो.

सून: कधी आले? मला उठवलं का नाही? त्यांना काही… बरे आहेत ना?

आई: मला काय विचारतेस? शिडी मागच्या दाराला आहे.

सून: हो, जाते. पण आधी त्या छतावर अजून किती वजन आहे ते…

आई: छताचं उद्या बघ गं. आज नुसती जा.