स्थिती : बसलेली

जबाब देणार : वय २३ वर्षे, शिक्षण पदवी, धंदा नोकरी (शिल्पभांडारात नोंदणी सहायक), राहणार वसाहतीच्या सामाईक सभागृहामागील खोली.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील खोलीत मी आईवडिलांसह राहते. वडील त्याच सभागृहाचे राखणदार आहेत. खोली त्यांच्या नोकरीबरोबर मिळालेली आहे. त्यांना सही येते, वाचता येत नाही.

भांडारात साठेक शिल्पे कापडात गुंडाळून पडून होती. ती वसाहतींना मांडायला उसनी द्यावीत, असा अर्ज मी केला होता. तो मंजूर झाला. पहिले शिल्प, संगमरवरी बसलेली बाई, मीच आमच्या सभागृहासाठी सुचवले.

शिल्प नेण्याच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भांडारपालांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "लिही पटापट, टेम्पोवाला खोळंबलाय," असे ते म्हणाले. फॉर्मात 'स्थिती' असा रकाना होता. मी त्यात 'बसलेली' असे लिहिले. तडा, टवका, मोडतोड तिथे लिहायची असते हे मला माहीत नव्हते. विचारायची लाज वाटली. शिल्पाच्या डाव्या हाताला करंगळी तेव्हाही नव्हती. धूळ पुसताना मी ते पाहिले होते.

खाली 'घेणार' म्हणून वडिलांनी सही केली. मी वाचून दाखवते म्हटले, तर म्हणाले, "तू लिहिलंयस ना? मग झालं."

शिल्प सभागृहात आठ महिने होते. लोक त्याला आत्या म्हणत. "आत्या, जरा सरकून घ्या," म्हणत शेजारी टेकत. वडील रोज कोरड्या फडक्याने पुसत.

गेल्या सोमवारी शिल्प परत गेले. फॉर्मात मोडतोड लिहिलेली नाही, म्हणजे ते अखंडच गेले होते, असे भांडारपालांनी सांगितले व वडिलांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली.

आज सकाळी वडिलांनी जबाब दिला की, झाडताना धक्का लागून करंगळी तुटली व तुकडा केरात गेला. मला हे त्यांनी जबाब दिल्यावर बाहेरच्या बाकावर सांगितले. "तुझी नोकरी राहू दे. मी काय, कुठंही झाडू मारीन," असे म्हणाले. खोलीचे काय, असे आईने विचारले.

तुकडा केरात गेलेला नाही. केर मी रोज टाकते.

साहेबांनी मला विचारले, "मग तुझं लिहिलेलं चुकीचं, की तुझा बाप खोटा बोलतोय? एक काहीतरी सांग."

मी सांगते की, दोन्ही.

हा जबाब मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतःही वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. कोणत्या रकान्यात काय लिहायचे असते ते आधी विचारून घेतले, मग सही केली.